वर्षाची पहिली माशी

२ मार्च

पोरी,

आशीर्वाद. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलोय. माझं अक्षर चौथीत होतं तसंच आहे, त्यापुढे त्याला शाळा मिळाली नाही. पाकिटावरचा पत्ताही मीच लिहिलाय, तुझ्या भावाला सांगितलेलं नाही, तेव्हा पोचतंय की नाही कोण जाणे. पोचलं तर वाच. न वाचता टाकलंस तरी मला कळणार नाही.

यंदा थंडी लवकर आटोपली आणि बागा एकदम फुलल्या. दरवर्षी खालच्या बागा आधी फुलतात, वरच्या मागाहून. मधे श्वास घ्यायला वेळ मिळतो. यंदा दोन्हीकडे एकदमच धांदल. दोन्ही बागवाले बहरासाठी मधमाश्यांच्या पेट्या मागायला दारात उभे, आणि तुझ्या भावाने दोघांनाही हो म्हणून टाकलं. मी म्हटलं, "अरे, पेट्या आहेत, पण हात कुठे आहेत?" तर म्हणतो, "बाबा, तुम्ही चिंता तेवढी करा, बाकीचं मी बघतो." मी काय चिंता हौसेने करतो? एकेक पेटी उघडून नव्या राणीची घरं मोडायची, नाही मोडली तर अर्ध्या माश्या उडून कुणाच्या तरी माळ्यावर जाऊन बसतात. पहाटे माश्या आत असतानाच दारं बंद करून पेट्या ट्रकवर चढवायच्या. रस्त्यात एक दार जरी उघडलं तर काय होईल, या विचारानेच मला जेवण जात नाही.

सून आमच्या बरोबरीने राबते. तू तिला एकदाच पाहिलंस, तुझी आई गेली तेव्हा. नवी नवरी होती. त्या दिवशी तू सगळ्यांदेखत म्हणालीस की मी घरगुती उपाय करत बसलो म्हणून आई हातची गेली. ते मी विसरलेलो नाही. भांडायला लिहीत नाहीये. विसरलो नाही, एवढंच.

तर सून. बोलकी आहे, तोंडाने जरा फटकळच. मी सकाळी कुरकुर करायला लागलो की म्हणते, "मामंजी, माश्या परवडल्या. एकदा चावतात आणि गप्प होतात." तुझी आई असती तर दोघींनी मिळून मला घरात राहू दिलं नसतं.

गेल्या आठवड्यात वर्षाची पहिली माशी ठेवली. तुला आठवत असेल. पेट्या उघडायच्या आधी घरातल्या प्रत्येकाच्या डाव्या हाताच्या पाठीवर एकेक माशी, पंख धरून, चावेपर्यंत. माझ्या आजोबांपासून चालत आलंय. हिवाळ्यात अंग विसरतं, त्याला आठवण द्यायची, म्हणजे पुढे हंगामभर कितीही चावल्या तरी काही वाटत नाही. तू लहान असताना ठेवली तेव्हा तू रडली नाहीस, माझ्याकडे बघत राहिलीस. तुझा भाऊ मात्र अजून डोळे मिटतो, स्वतः बाप झाला तरी.

सुनेचा हात यंदा कोपरापर्यंत सुजला. ओठही थोडे सुजले होते. गेल्या वर्षी मनगटापर्यंतच होती सूज, त्याच्या आधी काहीच नव्हतं. मला वाटतं तिने थंडीत फार आराम केला. तुमच्या इस्पितळात असं कुणी येतं का? सहज विचारतोय. भावाला यातलं बोलू नकोस, तो उगाच डोक्यात राख घालून घेतो.

त्या दोघांची लेक, पिटुकली, मजेत आहे. चार वर्षांची झाली. तुझा फोटो पाहून विचारते, ही कोण. मी सांगतो, आत्या. पुढे विचारत नाही, ते बरं.

तुझा बाप

१२ मार्च

पोरी,

पहिलं पत्र पोचलं का, कळायला मार्ग नाही. तरी लिहितोय, कारण आता सहज विचारायची वेळ राहिली नाही.

परवा सून मागच्या अंगणात कपडे धूत होती. आमचे पेट्यांवरचे कपडे तीच धुते, जाळीच्या टोप्यासुद्धा. माझ्या सदऱ्याच्या बाहीत एक माशी राहिली होती. मी झटकून काढला होता सदरा, मला चांगलं आठवतंय. पण राहिली असेल. तिच्या बोटाला चावली. मी पलीकडे पेट्यांच्या चौकटींना तारा ओढत बसलो होतो. तिने हाक मारली, "मामंजी, माझा घसा कुणी धरलाय का बघा हो." मला वाटलं नेहमीसारखी चेष्टा. मान वर केली तर ती दगडावर बसलेली, अंगभर पित्तासारख्या गांधी उठलेल्या, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. पिटुकली तिच्या पाठीवर पाणी ओतत होती, तिला तो खेळ वाटला.

थोड्या वेळाने उतरलं सगळं. देवाची कृपा. पण तेवढ्यात तुझा भाऊ आला आणि त्याने पाहिलं. मग काय विचारतेस. "हिला आजपासून पेट्यांजवळ फिरकू द्यायचं नाही. हंगाम संपेपर्यंत माहेरी पाठवतो." सून म्हणाली, "माहेरी कोण आहे माझं? भावजयीच्या हाताखाली तीन महिने भांडी घासू? त्यापेक्षा माश्या बऱ्या." तो म्हणाला, "मग मेलीस तर?" ती म्हणाली, "मग दुसरी करा, जाड कातडीची." तो न जेवता उठून गेला. भांडणात दोघंही असंच बोलतात. मला ऐकवत नाही.

तू शिकलेली नर्स आहेस. माझ्यावरचा राग बाजूला ठेव आणि काय करायचं ते सांग. दोन ओळी लिही. मला उद्देशून नाही लिहिल्यास तरी चालेल.

तुझा बाप

२२ मार्च

पोरी,

पार्सल आलं. पोस्टमन म्हणाला, "आजोबा, औषध दिसतंय, सांभाळून." पुठ्ठ्यावर माझं नाव तुझ्या अक्षरात. मी ते कापून ठेवलंय, हसू नकोस.

दोन्ही इंजेक्शनं नीट पोचली, फुटली नाहीत. चिठ्ठीतलं सगळं सुनेने मोठ्याने वाचून दाखवलं: मांडीत टोचायचं, कपड्यावरूनही चालतं, आणि टोचून झालं तरी ताबडतोब इस्पितळ गाठायचं. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं. "या मुलीला परत एकही माशी चावता कामा नये." चिठ्ठीत माझ्यासाठी काही नव्हतं. मी पाठीमागेही पाहिलं. असो.

तू लिहिलंस म्हणून तिला गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. तुझा भाऊ वरच्या बागेत पेट्या लावायला गेला होता, म्हणून मीच गेलो. डॉक्टर तरुण आहे, पण बरा वाटला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "घरातले कपडे कोण धुतं?"

"मीच," सून म्हणाली.

"झटकून?"

"झटकल्याशिवाय धुतात होय?"

तो म्हणाला, माश्या पाळणाऱ्यांच्या घरात हे असंच होतं. पुरुषांना रोज चावतात, त्यांना काही होत नाही. आणि त्यांच्या कपड्यांवरचं सुकलेलं विष घरातल्या बायकामुलांच्या नाकातोंडात थोडं थोडं जातं, आणि एखाद्याचं अंग उलटतं. मी जन्मभर या धंद्यात आहे, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, माझ्या बायकोने आयुष्यभर धुतले. तो म्हणाला, "सगळ्यांनाच होतं असं नाही, आजोबा."

मग सुनेने विचारलं, याला कायमचा इलाज नाही का? तर म्हणाला, आहे. मोठ्या इस्पितळात याच माशीचं विष अगदी थेंबाथेंबाने टोचतात, हळूहळू वाढवत नेतात, की अंगाला सवय होते. वर्षं लागतात. हंगाम संपला की नाव घालू.

पोरी, खरं सांगू? मला आतून बरं वाटलं. एवढी मोठी इस्पितळं, एवढी यंत्रं, आणि शेवटी करतात काय, तर तेच. आमचे आजोबा काय वेगळं करत होते? परतीच्या बसमध्ये सूनही तेच म्हणाली. "मामंजी, म्हणजे तुमचंच बरोबर. फक्त तुमच्याकडे थेंब नाही, सगळी माशीच." आणि हसली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

ती म्हणाली, वर्षभर थांबून कसं चालेल, हे मला उद्याच गाठोडं बांधून माहेरी टाकतील.

तुझा बाप

३ एप्रिल

पोरी,

परवा तुझा फोन आला. नंबर ओळखीचा वाटला नाही, मी आधी कापणार होतो. मग "बाबा" ऐकलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर तू काय काय बोललीस त्यातलं अर्धं मला कळलं नाही, तू ओरडत होतीस आणि माझे कान तसेही गेलेत. पण एवढं कळलं, की इस्पितळात जे करतात ते वेगळं, मोजून-मापून, जवळ डॉक्टर उभा असताना. आणि मी तसलं काही मनातही आणू नये. तू म्हणालीस, "शपथ घ्या." मी घेतली. "हो हो" म्हणालो ते टाळायला नव्हे. तुझा आवाज ऐकून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

इकडे सगळं ठीक चाललंय. खालच्या बागेत बहर भरात आहे. झाडाखाली उभं राहिलं की नुसती घूं घूं. वरच्या बागेत एक थवा उडाला, कुंपणाच्या खांबाला लोंबत होता, तुझ्या भावाने पोत्यात धरला. त्याला आता घरी यायलाही फुरसत नाही. ट्रक घेऊन चार-चार दिवस वरच असतो, बागवाल्याच्या शेडमध्ये झोपतो. मी घर आणि खालची बाग बघतो. कंबर धरते, पण सांगायचं कुणाला.

सुनेला माहेरी पाठवायचं तूर्त लांबलंय. मी तिला पेट्यांजवळ येऊ देत नाही. कपडे आता मीच धुतो, अंगणाच्या पार टोकाला. ती खिडकीतून ओरडते, "मामंजी, कॉलर राहिली!" पिटुकलीही तिच्यामागोमाग ओरडते, "कॉलर!"

तिची तब्येत बरी आहे. हातही आता पूर्वीसारखा सुजत नाही. पहिल्यापेक्षा बराच कमी. तू काळजी करू नकोस.

इंजेक्शनं कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, उन्हापासून लांब, तू लिहिलंस तशी. मी रोज एकदा बघतो.

फोन परत करशील का? ओरडलीस तरी चालेल.

तुझा बाप

२० मे

पोरी,

तू पिटुकलीला घेऊन गेलीस त्याला बरेच दिवस झाले. गाडी सुटेपर्यंत तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी रागावलेलो नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.

शेवटच्या पत्रात मी लिहिलं होतं की हात पूर्वीसारखा सुजत नाही. ते वाचताच तुला कळलं असणार. मी मुद्दाम लिहिलं की चुकून, माझं मलाच सांगता येत नाही. तू त्याच दिवशी फोन केलास, दोनदा. मी उचलला नाही. या वेळी मी उचलला नाही.

तू शपथ घ्यायला लावलीस त्या फोनच्या आधीच तिच्या हातावर दोनदा माशी ठेवून झाली होती. तिच्या हातात इंजेक्शन, समोर मी. पहिल्यांदा सूज कोपरापर्यंत आली, दुसऱ्यांदा मनगटावर थांबली. श्वास साफ. आम्हा दोघांना एवढा आनंद झाला होता की तिने शिरा केला... नको ते. ती मला म्हणाली, "आता यांना सांगू नका. हंगामाच्या शेवटी मीच त्यांच्यासमोर पेटी उघडते, बिनजाळीची. तोंड बघा त्यांचं मग." मग तुझा फोन आला. मी तुझ्याजवळ शपथ घेतली आणि तिला सांगितलं की आता बस. काही दिवस खरंच बस केलं.

तुझा भाऊ मधे एकदा घरी आला आणि तिला म्हणाला, रविवारी तुला माहेरी पोचवतो. तिच्या वहिनीला त्याने परस्पर कळवूनही टाकलं होतं. तो ट्रक घेऊन वर गेला. शुक्रवारी सकाळी मी चहा घेत होतो तर ती पेला पालथा धरून आली, खाली पुठ्ठा. आत माशी. फुलावरून स्वतः धरलेली.

म्हणाली, "मामंजी, आज सूज मनगटाच्याही आत राहिली, तर मी रविवारी जाणार नाही. तुम्हीच सांगा त्यांना."

मी म्हटलं, मी पोरीला शब्द दिलाय.

ती म्हणाली, "ताईंना शब्द दिलाय. मला काय दिलंय?"

मला नाही म्हणता आलं असतं. तिची तिने लावून घेतली असती कदाचित, पण तिला पंख धरता येत नव्हते. मी धरले.

पहिलं इंजेक्शन मी टोचलं, तू लिहिलंस तसं, मांडीत. दुसरंही टोचलं. शेजारणीने पिटुकलीला उचलून नेलं, तिच्या नवऱ्याने दुधाची गाडी काढली, कारण आमची गाडी वर होती. डबे उतरवायला वेळ गेला. रस्ता तुला माहीत आहे. फाट्याच्या पुढे तिने घट्ट धरलेला माझा सदरा सोडला.

इस्पितळात मी सगळ्यांना सांगितलं, कपड्यात माशी राहिली होती. तू आलीस तेव्हा तुलाही तेच सांगितलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि बाहेर निघून गेलीस. तुझा भाऊ तिच्याजवळ बसला होता. त्याने चादर थोडी सरकवली आणि तिचा डावा हात उचलून पाहिला. बराच वेळ पाहिला. पाठीवर, मधोमध, माशीचा काटा तसाच होता. तिथे माशी चुकून चावत नाही. तिथे आमच्याच घरात चावते. त्याने नखाने काटा काढला, हात परत ठेवला, चादर ओढली. मला काही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

पिटुकलीला तुझ्याकडे पाठवायचं त्यानेच ठरवलं, हे तुला माहीत आहे. या घरात तिला ठेवायची नाही, एवढंच तो तुझ्याशी बोलला असेल. ते बरोबर आहे. तिच्या अंगात आईचंच असलं तर? डॉक्टरने तिचं रक्त तपासायला सांगितलंय, ते विसरू नकोस. इथून नेलेले कपडे तिला घालू नकोस, टाकून दे. ती बाहुलीसुद्धा. ती आमच्या कपड्यांच्या टोपलीतच असायची. रडेल, पण टाक.

मला वाटलं होतं तो पेट्या जाळील. जाळल्या असत्या तर मी आडवा आलो नसतो. पण ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी पहाटे ट्रक दारात उभा. वरचा बहर संपला होता, पेट्या उतरवून खालच्या माळावर न्यायच्या होत्या. बागवाल्याला औषध फवारायचं होतं, माश्या तशाच ठेवल्या असत्या तर मेल्या असत्या. त्याने हॉर्न वाजवला नाही. नुसता उभा राहिला. मी टोपी घेऊन शेजारी बसलो.

तेव्हापासून आम्ही दोघं रोज काम करतो. घरात तो माझ्याशी बोलत नाही. जेवण आपलं आपण घेतो. भरलेली पेटी एकट्याने उचलता येत नाही, ती दोघांनी दोन बाजूंनी एकदम उचलावी लागते. पूर्वी तो म्हणायचा, "हं, बाबा," आणि आम्ही उचलायचो. आता तो काही म्हणत नाही. मी त्याच्या खांद्याकडे बघत राहतो, खांदा हलला की उचलतो. कधी मागेपुढे होतं, पेटी कलते, आतल्या चौकटी एकमेकींवर आपटतात, माश्या उसळून बाहेर येतात. मला चावतात. मला काही होत नाही. तो हातातली बाजू खाली ठेवतो आणि माश्या शांत होईपर्यंत पाठ करून उभा राहतो.

काल शेवटची पेटी होती. त्याने खाली हात घातले आणि "हं" म्हटलं. पुढचा शब्द नाही म्हटला. पेटी सरळ वर गेली.

हंगाम संपला. मला तुझ्याकडे एकदा यायचंय. राहायला नाही, पिटुकलीला बघायला. लांबून दाखवलीस तरी चालेल. मी दुकानातून नवा सदरा आणि धोतर घेतलंय. ते घरी आणलं नाही, दुकानदाराकडेच ठेवलंय, कागदात बांधून. त्याला म्हटलं, कपाटात ठेव, फळीवर नको. तू ये म्हणालीस तर नदीवर अंघोळ करीन, दुकानाच्या मागच्या खोलीत कपडे बदलीन आणि परस्पर गाडीत बसेन. जुने कपडे तिथेच टाकून देईन.

ये म्हणालीस तर.

तुझा बाप